परदेशात कार्डावर कापले जाणारे पैसे कसे वाचवायचे: कोकणातून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

दुबईला मुलाकडे, मस्कतला भावाकडे, नाहीतर लेकीच्या बाळंतपणासाठी थेट अमेरिकेला. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि दक्षिण रायगडातून पहिल्यांदा परदेशी निघालेली मंडळी तिकीट दहा जणांना विचारून काढतात, पाचशे रुपये वाचले तर एजंट बदलतात. तिथे पोचल्यावर मात्र कार्डावर पाच-सहा हजार गुपचूप जातात. त्याचा पत्ता घरी आल्यावर स्टेटमेंट बघितलं तरच लागतो.

हे पैसे टाळता येतात. पण त्यातलं बहुतेक काम विमानात बसायच्या आधी, इथे गावातच करावं लागतं, आणि आपल्याकडे त्याला मुंबई-पुण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून क्रमाने सांगतो.

१. आधी समजून घ्या, पैसे कुठे कुठे कापतात

भारतीय बँकेचं साधं कार्ड परदेशात वापरलं की बँक 'फॉरेक्स मार्कअप', म्हणजे चलन बदलण्याचं जादा शुल्क, लावते. तो बहुतेक कार्डांवर २ ते ३.५ टक्के असतो. त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ३.५ टक्केवाल्या कार्डावर प्रत्यक्षात ४.१३ टक्के जातात आणि २ टक्केवाल्यावर २.३६.

दीड लाखाची खरेदी, हॉटेल, जेवणखाण धरलं तर पहिल्या कार्डावर ६,१९५ रुपये गेले, दुसऱ्यावर ३,५४०. बदल्यात काहीही मिळालेलं नाही.

याशिवाय तीन चोरवाटा आहेत. दुकानातलं मशीन 'रुपयांत देता का?' असं विचारतं तेव्हाचा वाईट दर, एटीएममधून रोकड काढल्यावरचं ठरावीक शुल्क आणि फॉरेक्स कार्डावर एक चलन भरून दुसऱ्या चलनात खर्च केल्याचा दंड. तिन्ही पुढे येतीलच.

२. हातात आहे ते कार्ड चालेल का, बघा

कार्ड उलटसुलट करून बघा. त्यावर व्हिसा किंवा मास्टरकार्ड लिहिलंय की रुपे? आपल्याकडे जिल्हा बँक, पतसंस्था आणि जनधन खात्यांची कार्डं बहुतेक रुपेची असतात आणि त्यातली पुष्कळशी फक्त भारतात चालतात. रुपेची आंतरराष्ट्रीय कार्डं वेगळी असतात. ती परदेशात डिस्कव्हर, डायनर्स अशा नेटवर्कच्या आधाराने चालतात, पण सगळ्या दुकानांत नाही. जाताना हाताशी व्हिसा किंवा मास्टरकार्ड असलेलं बरं.

दुसरं, १ ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवीन कार्ड येतं तेच परदेशासाठी बंद असलेलं. ते तुम्हाला ॲपमधून, नेटबँकिंगवरून किंवा शाखेत सांगून चालू करावं लागतं. 'माझं कार्ड शारजात चाललंच नाही' या तक्रारीचं मूळ अनेकदा इथेच असतं.

तिसरी गोष्ट कोकणातल्या घरांची खास. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे? पुष्कळ घरांत तो मुंबईच्या मुलाचा असतो, किंवा रेंज येत नाही म्हणून कधीच बंद केलेल्या सिमचा. मग ओटीपी जातो बोरिवलीला आणि तुम्ही उभे मस्कतच्या काउंटरवर. तुमच्या हातातल्या फोनमध्ये जे सिम राहणार आहे, तोच नंबर बँकेत लावून घ्या. शाखेत फॉर्म भरून हे काम व्हायला काही दिवस जातात.

३. झिरो मार्कअपचं कार्ड काढा, दीड-दोन महिने आधी

सगळ्यात जास्त पैसे या पायरीवर वाचतात, म्हणून इथे जरा थांबू.

काही बँकांची कार्डं परदेशी खर्चावर मार्कअप लावतच नाहीत. फेडरल बँकेचं स्कॅपिया क्रेडिट कार्ड आणि आयडीएफसी फर्स्ट बँकेचं एफडीवर मिळणारं 'वाव' क्रेडिट कार्ड ही त्यासाठी माहीत असलेली नावं. बँका अटी बदलत राहतात. त्यामुळे अर्ज करायच्या दिवशी बँकेच्या साइटवरचं शुल्कपत्रक उघडा आणि 'फॉरेक्स मार्कअप' किंवा 'परकीय चलन व्यवहार शुल्क' या ओळीपुढे शून्य आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. कार्ड विकायला फोन करणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. त्याला रिवॉर्ड पॉइंट तोंडपाठ असतात, मार्कअप विचारलं की तो 'सर, तो सगळ्यांनाच असतो' म्हणतो.

आंबा-काजूचे बागायतदार, होडीवाले, दुकानदार यांना क्रेडिट कार्ड मिळताना एक अडचण येते, ती म्हणजे पगाराची स्लिप नसते. यावर एफडीवालं कार्ड हा चांगला मार्ग आहे. बँकेत एफडी ठेवायची, तिच्या रकमेच्या प्रमाणात कार्डाची मर्यादा मिळते आणि एफडीचं व्याज चालूच राहतं. पगार किंवा आधीचं कर्ज यांची फारशी चौकशी होत नाही. माझं स्पष्ट मत असं की वर्षात एकदाच परदेशी जाणाऱ्या, आणि एरवी क्रेडिट कार्डाच्या वाटेला न जाणाऱ्या माणसासाठी हेच सगळ्यात सुटसुटीत. फक्त बिल तारखेच्या आत पूर्ण भरायचं. महिनाभर राहिलं तर वाचवलेलं सगळं व्याजात जाईल आणि वर खिशातलंही.

नवरा-बायको दोघं जात असतील तर दोघांच्या पाकिटात वेगवेगळं कार्ड हवं. ॲड-ऑन कार्ड चालेल, पण ॲड-ऑन आणि मुख्य कार्ड एकाच खात्याचं असतं. एक हरवून ब्लॉक करताना बँक दुसरंही बंद करणार का, हे आधी विचारा. त्यापेक्षा दुसरं कार्ड दुसऱ्या बँकेचं असेल तर जिवाला घोर नाही.

आता गावातून अर्ज करतानाचे खड्डे:

- व्हिडिओ केवायसीला धड नेटवर्क लागतं. मूळ पॅन कार्ड समोर ठेवा, कोरा पांढरा कागद आणि पेन हाताशी ठेवा, कॅमेऱ्यासमोर सही करून दाखवायला सांगतात. पावसाळ्यात वाडीवरून हे जमेलच असं नाही. तालुक्याला कुणा नातेवाइकाकडे बसून करा.
- पत्ता 'मु. पो. अमुक, तमुकवाडी' एवढाच दिलात तर कुरिअरवाला तालुक्यावरूनच 'पत्ता सापडला नाही' असा शेरा मारून पाकीट परत पाठवतो. कार्ड कुणी दुसऱ्याने घेतलेलं बँकेला चालत नाही, त्यामुळे परत गेलं की पुन्हा पंधरवडा. जवळची खूण, पिनकोड आणि चालू फोन नंबर पत्त्यातच लिहा. पोस्टाने येत असेल तर पोस्टमनला आधीच सांगून ठेवा, ते सगळ्यात खात्रीचं.
- पासपोर्ट, पॅन आणि आधारवरचं नाव अक्षरागणिक जुळतंय का, बघा. एकीकडे वडिलांचं नाव मधे, दुसरीकडे आडनाव आधी, असं असेल तर अर्ज अडकतो.

जहाजावर असणाऱ्या आणि आखातात नोकरी करणाऱ्या मंडळींना हे सगळं लागू नाही. तिथला पगार तिथल्याच खात्यात असेल तर तिथलंच कार्ड वापरा, भारतातलं कार्ड तिथे काढायचं कारणच नाही.

४. फॉरेक्स कार्ड घ्यायचं का?

फॉरेक्स कार्ड म्हणजे आधी पैसे भरून घ्यायचं कार्ड. आज रुपये देऊन डॉलर, दिरहॅम किंवा युरो भरायचे आणि तिथे तेच खर्च करायचे. भरल्या दिवशीचा दर पक्का होतो, पुढे रुपया घसरला तरी तुम्हाला फरक नाही. क्रेडिट कार्डाची धास्ती असणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे बरं वाटतं.

पण ते फुकट नसतं. तुम्हाला दिलेला दर बाजारभावापेक्षा किती चढा आहे, यातच विकणाऱ्याची कमाई असते. शिवाय कार्डाचं शुल्क, पुन्हा पैसे भरण्याचं शुल्क, काही महिने न वापरल्यास शुल्क. तीन ठिकाणी भाव विचारताना 'एक डॉलर कितीला?' असं विचारू नका. 'मला कार्डावर ८०० डॉलर भरून हवेत, सगळं धरून माझे किती रुपये जाणार?' असं विचारा. मग कुणालाच काही लपवता येत नाही.

सगळ्यात मोठा सापळा चलनाचा. दिरहॅम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, म्हणून लोकांना वाटतं की डॉलरचं कार्ड दुबईत सरळ चालेल. चालतं, पण बँकेच्या लेखी हे एका चलनातून दुसऱ्या चलनात जाणं आहे आणि त्याचं 'क्रॉस करन्सी' शुल्क बहुतेक कार्डांवर दोन-तीन टक्क्यांच्या घरात जातं. दुबईला जाणार तर कार्डावर दिरहॅमच भरून घ्या. ओमानला जाणार असाल आणि कार्डावर ओमानी रियालची सोयच नसेल, तर त्या प्रवासासाठी ते कार्ड नको.

तालुक्याच्या शाखेत गेल्या पावली फॉरेक्स कार्ड मिळेल असं धरून चालू नका. कागद मोठ्या शाखेत पाठवावे लागतात. प्रवासाच्या आधी ६० दिवसांच्या आत परकीय चलन घेता येतं, तेव्हा महिनाभर आधी सुरुवात केली तर धावपळ होत नाही.

लागणारी कागदपत्रं:

- पासपोर्ट, आणि व्हिसा असेल तर त्याची प्रत
- जाण्या-येण्याचं तिकीट
- पॅन कार्ड
- ए-२ फॉर्म (परकीय चलन घेण्याचा अर्ज; बँक किंवा चलन विक्रेताच देतो, सही तुमची)
- पैसे भरण्यासाठी चेक किंवा खात्यातून थेट ट्रान्सफर. ५० हजार किंवा त्याहून जास्त रुपये रोख देऊन परकीय चलन घेता येत नाही.

जाता जाता कराची एक गोष्ट. फॉरेक्स कार्डावर भरलेले आणि डेबिट कार्डाने परदेशात खर्च केलेले पैसे रिझर्व्ह बँकेच्या वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत धरले जातात. १ एप्रिल २०२५ पासून, आर्थिक वर्षात माणशी १० लाख रुपयांपर्यंत त्यावर टीसीएस (पैसे घेतानाच आगाऊ कापला जाणारा कर) कापत नाहीत. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च सध्या या हिशोबात येत नाही. मुलाला भेटून येणाऱ्याचा खर्च १० लाखांच्या आसपासही जात नाही, तेव्हा कुणी टीसीएसची भीती घातली तर हसून सोडून द्या.

५. रोकड थोडीच न्या, आणि विमानतळावर घेऊ नका

टॅक्सी, चहा, देवळाबाहेरची किंवा मशिदीबाहेरची पेटी, यांसाठी थोडं तिथलं चलन हवंच. बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात. तुम्हाला दोनशे-तीनशेच्या वर लागणार नाहीत.

चलन बदलून घेताना व्यवहारावर जीएसटीही लागतो. लाखापर्यंतच्या रकमेवर ०.१८ टक्के, पण कमीत कमी ४५ रुपये. ही रक्कम किरकोळ आहे, खरं नुकसान दरात होतं. ते सगळ्यात जास्त विमानतळावरच्या काउंटरवर होतं, मग ते मुंबई असो की गोव्यातलं मोपा. रात्रीच्या विमानासाठी गडबडीत निघालेला, दुसरा पर्याय नसलेला गिऱ्हाईक त्यांना पुरता कळतो. सावंतवाडी-कुडाळकडच्या लोकांनी पणजी किंवा म्हापशाला, इतरांनी मुंबईला अधिकृत परवाना असलेल्या दुकानातून आधीच घ्यावं. पावती मागून घ्या, परत आल्यावर लागते.

भारतीय रुपये माणशी २५ हजारांपर्यंत सोबत नेता येतात. परतल्यावर घरी पोचायला तेवढे पुरतात.

६. निघायच्या आठवड्यात करायची कामं

कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू करा, पण सगळंच सताड उघडू नका. दुकानातल्या मशीनवरचा, एटीएमचा, ऑनलाइनचा आणि टॅपचा असे वेगवेगळे स्विच असतात आणि प्रत्येकाची मर्यादा ठरवता येते. एटीएम पाच-दहा हजारांवर ठेवा. ऑनलाइन बंदच ठेवा, कारण परदेशातल्या पुष्कळ साइट ओटीपी न मागता पैसे काढतात.

सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच चालू करा. परदेशात एसएमएस येण्याचे पैसे बहुतेक कंपन्या घेत नाहीत, पण रोमिंगच बंद असेल तर ओटीपी येणारच नाही. मोबाइल डेटा मात्र बंद ठेवा, नाहीतर कार्डात वाचवलेलं रिचार्जमध्ये जाईल.

बँकेचा परदेशातून लागणारा, +९१ पासून सुरू होणारा नंबर कागदावर लिहून ठेवा. १८०० वाले नंबर बाहेरून लागतीलच असं नाही. तो कागद पाकिटात नको, पासपोर्टच्या कव्हरात ठेवा. पाकीट गेलं तर कागदही गेला, असं व्हायला नको.

७. मशीन 'रुपयांत देता?' विचारेल. नाही म्हणा.

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

दुकानात किंवा हॉटेलात कार्ड लावलं की मशीनच्या पडद्यावर दोन रकमा येतात. एक दिरहॅमची, डॉलरची, बाथची, जी तिथली असेल ती. दुसरी भारतीय रुपयांची. काउंटरवरची मुलगी गोड हसून विचारते, रुपयांत देता का सर? आपल्याला वाटतं, किती सोय आहे, हिशोब लगेच कळला.

यालाच 'डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन' म्हणतात. यात रुपयांचा दर व्हिसा-मास्टरकार्ड ठरवत नाहीत, दुकानदाराच्या मागची कंपनी ठरवते आणि त्यात आपला नफा घालते. तो नफा तुमच्या बँकेच्या मार्कअपपेक्षा बहुतेक वेळा जास्त असतो. वर पुष्कळ भारतीय बँका अशा 'परदेशी दुकानात रुपयांतल्या' व्यवहारावरही एक टक्क्याच्या आसपास वेगळं शुल्क लावतात. म्हणजे झिरो मार्कअपचं कार्ड एवढ्या खटपटीने काढून आणलं, आणि एका बटणावर त्याचा फायदा गेला.

तेव्हा नेहमी तिथलंच चलन निवडा. दुबईत दिरहॅम, बँकॉकमध्ये बाथ, सिंगापूरला सिंगापूर डॉलर. इंग्रजीची सवय नसेल तर पडद्यावर आयएनआर (INR) ही अक्षरं दिसली की त्याला हात लावायचा नाही, एवढं पुरे. कधी कधी दुकानदार न विचारताच रुपये दाबून मोकळा होतो. स्लिपवर रुपये दिसले तर तिथल्या तिथे सांगा, 'कॅन्सल करा, लोकल करन्सीत करा.' चलन निवडण्याचा हक्क कार्डधारकाचा, हा कार्ड कंपन्यांचाच नियम आहे. मागे रांग लागलीय म्हणून भिडस्तपणा करू नका. ती माणसं तुम्हाला पुन्हा भेटणार नाहीत.

हाच प्रकार घरबसल्याही होतो. गुहागरात बसून परदेशी साइटवर हॉटेल बुक केलंत, किंमत रुपयांत दिसली, पैसे रुपयांत गेले, तरी कंपनी परदेशात नोंदलेली असेल तर बँक शुल्क लावू शकते. बुकिंगलाही झिरो मार्कअपचंच कार्ड वापरा.

हॉटेलात शिरताना किंवा गाडी भाड्याने घेताना अनामत म्हणून कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात. त्यासाठी क्रेडिट कार्ड द्या. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड दिलंत तर तुमचे खरेच पैसे अडकतात, आणि ते सुटायला काही दिवस लागतात. तोवर तुम्ही उपाशी.

८. एटीएम: कमी वेळा, जास्त रक्कम

परदेशी एटीएमला डेबिट कार्ड लावलं की तुमची बँक दर वेळेला ठरावीक शुल्क घेते, साधारण शंभर ते तीनशे रुपये आणि जीएसटी. पुष्कळ देशांत ते एटीएम स्वतःचंही शुल्क घेतं. थायलंडमध्ये तर ते २०० बाथच्या वर आहे. हजार-हजार काढत बसलात तर शुल्कच डोईजड होईल. लागेल तेवढं एकदाच काढा.

इथेही पडदा तोच प्रश्न विचारतो, जरा आडून: 'कन्व्हर्जन स्वीकारता?' त्यावर 'डिक्लाइन कन्व्हर्जन' किंवा 'विदाउट कन्व्हर्जन' दाबायचं. पुष्कळांना वाटतं, डिक्लाइन दाबलं की व्यवहारच रद्द होईल. होत नाही. पैसे येतात, दर चांगला लागतो.

क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोकड काढू नका. साधारणपणे वेगळं शुल्क लागतं आणि व्याज त्याच दिवसापासून चढायला लागतं, बिलाची तारीख कितीही लांब असो.

९. यूपीआय चालतं, पण भरवशावर जाऊ नका

संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर, मॉरिशस, श्रीलंका, नेपाळ, भूतान आणि फ्रान्समध्ये ठरावीक ठिकाणी आपलं यूपीआय चालतं. ॲपमध्ये 'यूपीआय इंटरनॅशनल' वेगळं चालू करावं लागतं. पैसे देण्याआधी ॲप दर आणि शुल्क दाखवतं, ते वाचून मगच पिन टाका. बँकेप्रमाणे यातही मार्कअप असू शकतो. कार्ड घरी ठेवून फक्त फोन घेऊन जाण्याइतकं ते अजून सगळीकडे पोचलेलं नाही.

१०. परत आल्यावर

पहिल्या दिवशी कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर बंद करा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि आंबे उतरवायच्या गडबडीत तेच राहून जातं.

मग स्लिपा घेऊन स्टेटमेंटशी ताडून बघा. रक्कम थोडी पुढे-मागे दिसेल, कारण कार्ड लावल्या दिवशीचा दर आणि पैसे प्रत्यक्ष वळते झाल्या दिवशीचा दर वेगळा असतो. त्याची काळजी नको. झिरो मार्कअप कार्डावर मार्कअपची ओळ दिसली, रुपयांतला व्यवहार दिसला किंवा तुम्ही न केलेला व्यवहार दिसला, तर लगेच बँकेला लेखी कळवा. तुमची चूक नसताना, त्रयस्थाकडून झालेल्या फसवणुकीची तक्रार बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत केली, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार तुमच्यावर काही जबाबदारी येत नाही. तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार मोफत करता येते. चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

उरलेल्या परकीय नोटा आणि फॉरेक्स कार्डावरची शिल्लक परतल्यापासून १८० दिवसांत रुपयांत बदलून घ्यायची असते. २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतात. नाण्यांना मर्यादा नाही, आणि ती कुणी बदलूनही देत नाही. ती नातवंडांना वाटून टाका.